आरसा कशासाठी असतो?

२०२० साली कोरोनाच्या साथीने सारा देश घरात बसला, तेव्हा पुष्कळ लोकांनी चित्रे काढली. शाळा सुटल्यापासून ज्यांच्या हातात रंगाचा खडू आला नव्हता त्यांनीही काढली. त्या वर्षी १४ एप्रिलला जयंतीची मिरवणूक निघाली नाही. अनेक घरांतून मुलांनी बाबासाहेबांचे चित्र काढून दारावर लावले आणि घरातल्या घरात वंदना झाली. या काळाविषयी पुढे असे बोलले आणि लिहिले गेले की, एकांताने माणसाला स्वतःकडे पाहायला शिकवले आणि कला हे आत्मपरीक्षणाचे साधन झाले.

हे विधान ऐकायला गोड आहे. पण ते खरे आहे काय? खरे असेल तर कोणत्या अटीवर खरे आहे? आपण धम्मदीक्षा घेतलेली माणसे आहोत. देव्हारे रिकामे करताना प्रत्येक वस्तू हातात घेऊन 'ही कशासाठी?' असे आपण विचारले होते. तोच प्रश्न या चित्रांनाही विचारला पाहिजे. शिवाय हा प्रश्न केवळ चित्रकारांचा नाही. साथ गेली, तरी आजारपण, बेकारी, रात्रपाळीनंतरची निवांत दुपार, म्हातारपण अशा निमित्तांनी एकांत प्रत्येकाच्या वाट्याला येतो. त्या एकांतात मन काय करते आणि त्याने काय करावे, हा धम्माचाच प्रश्न आहे.

आत्मपरीक्षण म्हणजे कोणाचे परीक्षण?

प्रथम शब्दाचा उलगडा करू. 'आत्मपरीक्षण' या शब्दात 'आत्मा' दडलेला आहे आणि बुद्धाच्या धम्मात आत्म्याला स्थान नाही. म्हणून कोणी म्हणू लागला की, चित्र काढताना माझा आत्मा कागदावर उतरतो, तर बौद्धाला ते मान्य होणार नाही. आत कुठेतरी एक शुद्ध, अढळ वस्तू बसलेली आहे आणि कला तिच्यावरचा पडदा दूर करते, ही कल्पना जुन्या घरातून नव्या घरात आलेले सामान आहे.

मग परीक्षण कोणाचे? चित्ताचे. संयुत्तनिकायातील एका सुत्तात भगवान बुद्धांनी भिक्खूंना 'चरण' नावाच्या चित्राची आठवण करून दिली आहे. ते चित्र त्या काळी लोकांच्या परिचयाचे असावे. त्यांचा आशय असा की, ते चित्रही चित्तानेच कल्पिलेले आहे आणि चित्त हे त्या चित्रापेक्षाही अधिक चित्रविचित्र आहे; म्हणून माणसाने आपल्या चित्ताकडे वारंवार पाहावे. राग, द्वेष आणि मोह यांनी ते दीर्घकाळ मळलेले आहे, हे जाणावे. याच सुत्तात रंगाऱ्याचाही दृष्टान्त आहे. रंगारी फळीवर, भिंतीवर किंवा कापडावर रंगांनी सर्व अवयवांसह माणसाची आकृती उभी करतो. तद्वत अजाण माणूस आपले जग स्वतःच रंगवत असतो आणि ते खरे समजून त्याला चिकटून राहतो.

या दृष्टान्ताचा अर्थ मला असा वाटतो. आपण चित्र काढतो तेव्हा कागदावर जग उतरत नाही, आपल्या चित्ताने निवडलेले जग उतरते. काय घ्यायचे आणि काय वगळायचे हे चित्त ठरवते आणि बहुधा आपल्याला न विचारता ठरवते. म्हणून चित्रात काय आले यापेक्षा काय आले नाही, यावरून चित्ताची ओळख अधिक होते.

राहुलाला विचारलेला प्रश्न

मज्झिमनिकायातील राहुलोवाद सुत्त आपल्यापैकी अनेकांनी विहारात ऐकले असेल. राहुल वयाने लहान होता. भगवान बुद्धांनी त्याला विचारले, राहुला, आरसा कशासाठी असतो? त्याने उत्तर दिले, पाहण्यासाठी. त्यावर तथागतांनी त्याला सांगितले की, त्याचप्रमाणे कायेने, वाचेने आणि मनाने केलेले प्रत्येक कर्म पाहून पाहून करावे. कर्म करण्यापूर्वी पाहावे, करताना पाहावे आणि केल्यानंतरही पाहावे. यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते काय, ही त्याची कसोटी. केल्यानंतर दिसले की पीडा झाली आहे, तर कायेने व वाचेने केलेले ते कर्म गुरूपुढे किंवा जाणत्या सोबत्यापुढे उघड करावे आणि पुढे तसे न करण्याचा संयम पाळावा.

सम्राट अशोकाने वैराटजवळच्या आपल्या शिलालेखात जी धम्मवचने पुनःपुन्हा ऐकावीत म्हणून सांगितली, त्यांत राहुलाला असत्याविषयी केलेल्या या उपदेशाचा नावाने उल्लेख आहे. भिक्खू-भिक्खुणींबरोबर उपासक-उपासिकांनीही तो ऐकावा, असे अशोकाने त्यात म्हटले आहे. म्हणजे हा उपदेश तुमच्या-माझ्यासारख्या संसारी माणसांसाठीही आहे.

या उपदेशातील एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आरशात पाहणे हा शेवट नाही. पाहावे, उघड करावे आणि संयम पाळावा, अशा त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर थांबणारा माणूस आरशात केस विंचरतो आणि निघून जातो. पुष्कळ चित्रांचे, कवितांचे आणि रोजनिशींचे तेच होते.

माणमधील एक नळ

येथे मला स्वतःचा दाखला द्यावा लागतो. तो अभिमानाचा नाही. परंतु दुसऱ्याचा दाखला देऊन हे सांगणे बरे दिसणार नाही.

मी मुळशी तालुक्यातील माण येथे एका बैठ्या चाळीत राहतो. पलीकडे हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान नगरीच्या काचेच्या इमारती आहेत आणि त्या बांधणाऱ्या मजुरांच्या पत्र्याच्या शेड आमच्या चाळीच्या मागे होत्या. चाळीत नऊ बिऱ्हाडे. त्यांतील चार आम्हां बौद्धांची, बाकीची इतरांची. अंगणात बोअरच्या पाण्याचा एक नळ.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी लागली. बांधकामे थांबली, मुकादम निघून गेला आणि शेडकडे येणारा पाण्याचा टँकर बंद झाला. छत्तीसगड आणि बिहारकडचे ते मजूर डबे घेऊन आमच्या नळावर येऊ लागले. चाळीत भीती पसरली. बैठक झाली. नियम करायचा ठरले आणि नियम लिहायला मला सांगण्यात आले, कारण चाळीत मी शिक्षक. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. मी पुठ्ठ्यावर मोठ्या, वळणदार अक्षरांत लिहिले : 'बाहेरील व्यक्तींनी नळाला हात लावू नये.' पुठ्ठा नळाला बांधला. त्यानंतर मजूर आले की आमच्यापैकी कोणीतरी नळ सोडी आणि लांबून, वरून, त्यांच्या डब्यांत पाणी ओती. मीही अनेकदा ओतले. आपण पाणी देतो आहोत, म्हणजे पुण्यकर्म करतो आहोत, अशीच माझी समजूत होती.

मे महिन्यात श्रमिक रेल्वेगाड्या सुरू झाल्या आणि ते सारे निघून गेले. जुलैच्या आरंभी वर्षावास सुरू झाला, तेव्हा विहारे बंदच होती. त्याच सुमारास घरोघरच्या सर्वेक्षणाच्या कामात एका रुग्णाशी माझा संपर्क आला. चौदा दिवस वेगळे राहावे लागले. चाळमालकाने टोकाची रिकामी खोली दिली, दारावर कागद डकवला गेला. जेवणाचे ताट उंबऱ्याबाहेर ठेवले जाई. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने तिचा तेलखडूंचा डबा आणि जुन्या वह्यांची कोरी पाने खिडकीतून आत टाकली आणि 'पप्पा, रोज एक चित्र काढा' असे फर्मावले.

पहिले सात दिवस मी चांगली चित्रे काढली. बुद्धाची मूर्ती, पिंपळाचे पान, बाबासाहेब, देहूरोडचे विहार, जेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. खिडकीतून दाखवली की शेजारी वाहवा करीत. मन शांत होई. मला वाटले, हेच ते आत्मपरीक्षण. आज वाटते की त्या चित्रांत श्रद्धा होती, पण परीक्षण नव्हते. त्यांत मला मी जसा हवा होतो तसाच दिसत होतो.

आठव्या दिवशी विषय संपले म्हणून खिडकीतून दिसणारे अंगण काढले. कडुनिंब, नळ, धुण्याचा दगड, समोरच्यांची मोटारसायकल, पाणी भरणाऱ्या बायका. मुलीने चित्र पाहिले आणि विचारले, "पप्पा, ते डबेवाले काका का नाही काढले?"

मी म्हटले, "ते गेले की त्यांच्या गावाला."

ती म्हणाली, "मोटारसायकल पण गेलीये गावाला. ती काढलीत की."

ती खरे बोलत होती. समोरचे बिऱ्हाड जूनमध्येच गावी गेले होते आणि मोटारसायकल अंगणात नव्हती. ती मी आठवणीने काढली होती. दीड महिना रोज नळावर येणारी दहा-बारा माणसे मात्र आठवणीतून पुसली गेली होती. आणि तो पुठ्ठाही चित्रात नव्हता. पहिल्या पावसात त्याचा लगदा होऊन तो गळून पडला होता, आणि माझ्या मनानेही तो धुऊन टाकला होता.

दुसऱ्या दिवशी मी तेच अंगण पुन्हा काढायला बसलो. या वेळी मजूर काढायचे ठरवले. त्यांच्यात एक पोरसवदा मुलगा होता. डबा भरला की तो ओंजळ पुढे करी आणि पाणी पिई. चित्रात माझा हात कोठे दाखवायचा, हे ठरवावे लागले. तो वर दाखवावा लागला, कारण तो वरच होता. त्याची ओंजळ खाली आली, मान झुकलेली आली आणि पाण्याचा ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत गेला. तो कोपर काढताना माझा खडू थांबला. हे चित्र मी पूर्वी ऐकलेले होते. माझी आजी सांगे, गावच्या विहिरीवर तिला पाण्याला हात लावता येत नसे. कोणाला दया आली तर वरून ओंजळीत पाणी ओतले जाई, आणि प्यालेल्या पाण्यापेक्षा कोपरावरून वाहून गेलेले पाणी जास्त असे. ते ऐकून लहानपणी माझ्या मुठी वळत. दर वर्षी २० मार्चला मी शाळेत आणि विहारात महाडच्या चवदार तळ्यावर बोलतो. १९२७ च्या त्या दिवसाचे वर्णन करताना माझा आवाज चढतो. त्या वर्षीही चढला असता, पण साथीमुळे कार्यक्रम झाला नाही. आणि त्यानंतर काही दिवसांतच, नळाला हात लावू नये, असे मी माझ्या सुवाच्य अक्षरांत लिहिले होते.

रोगाचे अंतर आणि माणसाचे अंतर

कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही स्वतःला उगाच दोष देता. साथ खरी होती. अंतर ठेवणे शास्त्राला धरून होते. बाबासाहेबांनी आपल्याला विज्ञान मानायला शिकवले आहे.

हा आक्षेप योग्य आहे आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. अंतर आवश्यक होते, यात शंका नाही. मी स्वतः चौदा दिवस खोलीत राहिलो, ते योग्यच होते. प्रश्न असा आहे की, आमचा नियम रोगासाठी होता की माणसासाठी? याची परीक्षा सोपी आहे. आम्हां नऊ बिऱ्हाडांतील सर्वजण तोच नळ हातांनी सोडत होतो आणि बंद करीत होतो. आमच्यापैकी कित्येक जण रोज दुकानात, दवाखान्यात, सरकारी कामावर बाहेर जात होते. मजूर तर शेडमध्ये अडकून पडलेले. रोग येण्याचा संभव आमच्याकडून अधिक होता. तरी आम्ही एकमेकांच्या हंड्यांत वरून पाणी ओतले नाही. साबण ठेवून, नळ पुसून, सर्वांनी एकाच रांगेत अंतरावर उभे राहण्याचा नियम करता आला असता. तो रोगाचा नियम झाला असता. आम्ही केला तो नियम काही माणसांना लागू होता आणि काहींना नव्हता. जो नियम जंतूकडे न पाहता जन्माकडे, भाषेकडे आणि अंगावरच्या कपड्यांकडे पाहतो, तो आरोग्याच्या नावाखाली लपलेला जुना विटाळ होय.

त्या दिवसांत 'सामाजिक अंतर' हा शब्द सर्वांच्या तोंडी होता. हा शब्द चुकीचा आहे, 'शारीरिक अंतर' म्हणा, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच सुचवले. आपल्या समाजातील जाणत्यांनीही त्याला हरकत घेतली, कारण सामाजिक अंतर म्हणजे काय ते आपल्या पिढ्यांनी भोगले आहे. मीही ती हरकत घेणाऱ्यांपैकी होतो. शब्दाला हरकत घेतली आणि नळावर तीच गोष्ट केली.

साथीत कसे वागावे याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचवले. तो दवाखाना वस्तीपासून दूर, हडपसरच्या माळावर उभारलेला होता. म्हणजे रोगासाठी अंतर त्यांनीही मानले होते. त्या सेवेतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. एवढे धैर्य प्रत्येकाला झेपेल असे मी म्हणत नाही. मला ते झेपले नाही. पण अंतर ठेवूनही माणसाला खाली न बसवणे हे झेपण्यासारखे होते.

लोक उपाशी चालत असताना चित्र काढावे काय?

येथे दुसरा, अधिक कठीण प्रश्न उभा राहतो. त्या वर्षी ७ मे रोजी बुद्धपौर्णिमा होती. आपण घरोघरी दिवे लावून, खीर करून ती साजरी केली. त्याच पौर्णिमेच्या रात्री मध्य प्रदेशातील काही मजूर जालन्याहून रुळांच्या कडेने गावाकडे निघाले होते. थकून ते रुळांवरच झोपले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली त्यांच्यापैकी १६ जण मेले. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या विखुरल्या होत्या. अशा काळात खोलीत बसून रंगांनी मन रमवणे नैतिक आहे काय?

माझे उत्तर असे आहे. मन रमवणे हे पाप नाही. भयाने ग्रासलेल्या मुलाने चित्र काढून भय विसरावे, यात वाईट काहीच नाही. गृहस्थाच्या पंचशीलात कलेला बंदी नाही. भिक्खूंच्या विनयातसुद्धा विहाराच्या भिंतीवर फुलांची आणि वेलींची नक्षी काढायला अनुमती आहे, आणि पुढच्या काळात अजिंठ्याच्या भिंतींवर काय घडले ते जगाने पाहिले. परंतु रमवणुकीला आत्मपरीक्षण म्हणू नये. दुःखापासून तोंड फिरवून मिळालेली शांतता आणि दुःखाकडे पाहून आलेली स्थिरता यांत भेद आहे. पहिलीला विसावा म्हणावे. दुसरीला धम्म म्हणता येईल.

कला त्या दुःखाकडे पाहू शकते, याचे दाखले त्याच काळात मिळाले. पश्चिम बंगालमधील नदिया जिल्ह्याच्या लाबणी जंगी या तरुण अभ्यासक बाई, स्वतःच चित्रकला शिकलेल्या आणि मजुरांच्या स्थलांतरावर संशोधन करणाऱ्या. टाळेबंदीत त्यांनी रस्त्याने चालत निघालेल्या मजुरांची चित्रे काढली. आणि आपल्या नागपूरचे सवी सावरकर यांनी त्याआधी कित्येक वर्षे गळ्यात मडके अडकवलेला अस्पृश्य माणूस आपल्या चित्रांत उभा केला होता. ती चित्रे पाहणाऱ्याला सुख देत नाहीत. पाहणारा मान वळवू लागला की ती त्याला थांबवतात.

बाबासाहेबांचाच दाखला घ्या. उतारवयात, एवढ्या कामाच्या ओझ्याखाली, त्यांनी चित्रकला शिकायला घेतली. त्यांनी स्वतः बुद्धाचे चित्र काढले आणि त्या बुद्धाचे डोळे उघडे आहेत. आपण घरात लावतो त्या बहुतेक चित्रांत बुद्धाचे डोळे मिटलेले असतात. मिटलेल्या डोळ्यांच्या चित्राला माझा विरोध नाही, ध्यान हाही धम्माचा भाग आहे. पण माझ्या पहिल्या सात चित्रांतला बुद्धही डोळे मिटलेला होता, आणि मी तो तसा का काढला हे मला आता कळते. उघड्या डोळ्यांच्या बुद्धाने आधी माझ्या मागच्या खिडकीतून शेडकडे पाहिले असते.

एकांत पुरा कधी होतो?

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. एकटा माणूस स्वतःला पूर्ण पाहू शकतो काय? माझा अनुभव सांगतो की, नाही. मुलीने विचारले नसते तर माझे अंगणाचे चित्र मला निर्दोषच वाटले असते.

भगवान बुद्धांना हे ठाऊक होते. वर्षावासात भिक्खू तीन महिने एका जागी राहत. आपल्या मावळातली कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी अशा वास्तव्यासाठी खोदली गेली. देहूरोडपासून जवळच, घोरावडीच्या डोंगरातील शेलारवाडीच्या लेण्यांत एक शिलालेख आहे. धेनुकाकट येथे राहणाऱ्या एका नांगरधारी शेतकऱ्याच्या पत्नीने, सियागुतणिकेने, आपल्या मुलासह ते लेणे दान दिल्याचे त्यात नमूद आहे. एका कष्टकरी घरातील बाईने एकांतासाठी खोली करून दिली. पण त्या एकांताचा शेवट कसा होई? प्रवारणेने. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्खू संघापुढे हात जोडून विनंती करी की, माझ्यात जो दोष तुम्ही पाहिला, ऐकला किंवा ज्याची शंका आली, तो अनुकंपेने मला सांगा. दिसला तर मी तो सुधारीन. तीन महिन्यांचे ध्यान केल्यावरही माणसाने आपला दोष दुसऱ्याला विचारावा, हा त्याचा अर्थ. दोष सांगायला दुसरा नसेल, तर एकांतातून अहंकार वाढण्याचाही संभव असतो.

आमच्या चौदा दिवसांना प्रवारणा नव्हती. दारावरचा कागद काढला आणि मी बाहेर आलो. ते चित्र कपाटात ठेवले. ज्यांची क्षमा मागायची ती माणसे निघून गेली होती. मला त्यांच्यापैकी एकाचेही पूर्ण नाव ठाऊक नव्हते. दीड महिना पाणी दिले आणि नाव विचारले नाही, हेही तेव्हाच लक्षात आले. १६ नोव्हेंबर २०२० पासून प्रार्थनास्थळे उघडली. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी ते चित्र दाखवले आणि घडले ते सांगितले. काही वेळ कोणी बोलले नाही. मग एक वृद्ध उपासिका म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही लिहिलं, पण वाचून आम्ही गप्प बसलो. आम्हाला तर ते पाणी ठाऊक होतं." माझ्या एकट्याचे वाटलेले ते चित्र सगळ्यांचे निघाले.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण येथे बढाईला जागा नाही. शेडमध्ये नवे मजूर आले. साथीची दुसरी लाट २०२१ मध्ये आली, तेव्हा नळावर पुन्हा भीती होती. या वेळी साबण होता, एकच रांग होती आणि अंतराच्या खुणा सर्वांसाठी सारख्या होत्या. चाळीतील दोन बिऱ्हाडांनी कुरकुर केली, आजही करतात. माझ्याही मनातला विटाळ मेला आहे असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे घडले ते एका दिवसात घडले. पण चित्तातून जात काढण्याचे काम रोजचे आहे. बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान मानण्याची आणि समता स्थापन करण्याचा प्रयत्न करण्याची प्रतिज्ञा आहे. आपण ती उच्चारली ती बहुधा वरच्यांकडे पाहून. ती खालीही पाहायला सांगते, हे मला एका मजूर मुलाच्या कोपराने शिकवले.

म्हणून नवदीक्षित कुटुंबांना माझी नम्र सूचना आहे. या वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होईल तेव्हा ते अवश्य ऐका. त्याच तीन महिन्यांत एका संध्याकाळी घरातील सर्वांनी कागद घेऊन बसावे आणि आपले अंगण, आपला रस्ता किंवा आपली कामाची जागा काढावी. चित्र चांगले येण्याची गरज नाही. रेघा ओढता आल्या तरी पुरे. मग चित्रे एकमेकांना द्यावीत, आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या चित्रात एकच गोष्ट शोधावी : यात कोण राहिले? झाडणारी बाई राहिली काय? घरातली म्हातारी राहिली काय? भांडण झालेला भाऊ, भाडेकरू, दुसऱ्या जातीचा शेजारी, परभाषेचा मजूर राहिला काय? मुलांना आधी बोलू द्यावे, आणि मूल बोलले तर त्याला गप्प करू नये.

भगवान बुद्धांनी राहुलाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या लहान मुलाने एका शब्दात दिले होते. आपल्याला ते रोज द्यावे लागेल. माझे ते चित्र अजून कपाटात आहे. ते मी भिंतीवर लावलेले नाही, कारण भिंतीवर गेले की त्याची शोभा होईल. दर वर्षी २० मार्चला महाडवर बोलायला जाण्यापूर्वी मी ते एकदा काढून पाहतो आणि मग बोलायला जातो. आवाज पूर्वीइतका चढत नाही.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम.